हंगामी गावाची नकाशावरची नोंद

मालवण, वायरी, तारकर्ली आणि देवबाग या किनारपट्टीवर राहण्याची सोय, खानावळ, होडी किंवा मसाल्याचे दुकान चालवणाऱ्या कुटुंबाकडे येणारा नवा ग्राहक आता बहुतेक वेळा आधी मोबाइलमध्ये शोध घेतो आणि त्या शोधात जे तीन-चार पर्याय समोर येतात त्यांतूनच एखादा निवडून फोन लावतो. एखाद्या ठिकाणाशी बांधलेल्या अशा शोधाला, म्हणजे ‘तारकर्लीत राहण्याची सोय’, ‘जवळची मालवणी खानावळ’ किंवा ‘कुडाळ ते मालवण गाडी’ यांसारख्या विचारणेला, स्थानिक शोध म्हणतात. त्या शोधात आपला व्यवसाय ठळकपणे, खऱ्या माहितीसह आणि योग्य ग्राहकाला दिसावा म्हणून जे काम केले जाते ते स्थानिक शोध विपणन होय. मोठ्या शहरांत हे काम पगारी सल्लागार करतात. मालवणच्या घरगुती व्यावसायिकाला ते बहुतांशी स्वतः, विनामूल्य आणि मोबाइलवरच करता येते, मात्र त्यासाठी या कामाची रीत आणि या गावाचा हंगाम यांची सांगड घालावी लागते.

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीपासून वेगळा झाला आणि १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. या प्रत्येक टप्प्यावर अनोळखी ग्राहकाचे प्रमाण वाढत गेले. ओळखीच्या माणसाला पत्ता ठाऊक असतो किंवा तो एस. टी. स्थानकावर, रिक्षावाल्याकडे, बंदर जेटीवर विचारून घर गाठतो. अनोळखी माणूस मात्र निघण्यापूर्वीच सगळे ठरवून निघतो. फोनवरून व्यवसायांची माहिती देणारी जस्टडायल ही सेवा मुंबईत १९९६ मध्ये सुरू झाली तेव्हा हीच गरज शहरापुरती भागवली जात होती. पुढे गुगलने २००५ मध्ये नकाशा आणला, व्यावसायिकांच्या नोंदींना २०१४ मध्ये ‘गुगल माय बिझनेस’ असे एकत्रित रूप दिले आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचेच नाव ‘गुगल बिझनेस प्रोफाइल’ केले. या लेखात ‘नोंद’ हा शब्द याच प्रोफाइलसाठी वापरला आहे, कारण मालवणला येणाऱ्या पर्यटकाचा शोध प्रामुख्याने तिथेच होतो.

कोणती नोंद आधी दाखवायची हे ठरवताना तीन गोष्टी पाहिल्या जातात, असे गुगलने स्वतः जाहीर केले आहे. पहिली म्हणजे सुसंगतता, म्हणजे ग्राहकाने जे विचारले त्याच्याशी व्यवसायाचा प्रकार व माहिती किती जुळते. दुसरी अंतर, म्हणजे शोधणाऱ्यापासून किंवा त्याने उल्लेखिलेल्या ठिकाणापासून व्यवसाय किती जवळ आहे. आणि तिसरी ख्याती, म्हणजे त्या व्यवसायाबद्दल इतरत्र किती लिहिले गेले आहे, किती लोकांनी अभिप्राय दिले आहेत आणि ते कसे आहेत. ऑगस्ट २०१५ पूर्वी सामान्य शोधाच्या पानावर नकाशासोबत सात व्यवसाय दिसत, त्यानंतर ते तीनवर आले. सातातून तीन झाल्यामुळे लहान गावातही चढाओढ तीव्र झाली आणि तिच्याबरोबरच आडवाटेने वर येण्याचा मोहही वाढला.

अंतराचा निकष मालवणच्या बाबतीत नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण इथे एकाच व्यवसायाला दोन अगदी वेगळ्या प्रकारचे ग्राहक शोधत असतात. एक पुण्यात, कोल्हापुरात किंवा बोरिवलीत बसून पुढच्या महिन्याची सुटी आखतो. त्याच्या दृष्टीने ‘जवळ’ म्हणजे त्याने टंकलेल्या गावाच्या जवळ, आणि तो गाव बहुधा तारकर्ली असतो, कारण बाहेरच्या माणसाला या सबंध पट्ट्याचे तेच नाव परिचित आहे. दुसरा ग्राहक मालवणात येऊन पोचलेला असतो. मुंबईहून रात्री सुटणाऱ्या कोकणकन्या एक्स्प्रेसने सकाळी कुडाळला उतरून तो सुमारे ३० किलोमीटरचा रस्ता कापून येतो आणि मालवण गावातल्या भरड भागात उभा राहून ‘जवळचा नाश्ता’ शोधतो, तेव्हा त्याला पावलांतले अंतर हवे असते आणि आत्ता उघडे असलेले ठिकाण हवे असते. राहण्याची सोय करणाऱ्याने पहिल्या ग्राहकाचा विचार करून छायाचित्रे, खोल्यांची माहिती आणि अभिप्राय यांवर भर द्यावा; खानावळ, मेडिकल, पंक्चरचे दुकान किंवा खाजा विकणाऱ्या दुकानाने दुसऱ्या ग्राहकाचा विचार करून वेळा, फोन आणि पिन यांवर. हा भेद न करता सर्वांनी एकच सल्ला पाळला की श्रम वाया जातात.

पहिल्या ग्राहकाला तारकर्ली हवी असते आणि आपले घर वायरीत किंवा धुरीवाड्यात असते, या अडचणीतून सर्वांत मोठी चूक जन्माला येते. व्यवसायाच्या नावाच्या रकान्यात घराचे नाव, त्यापुढे ‘तारकर्ली बीच’, त्यापुढे ‘बेस्ट’, ‘फॅमिली’, ‘सी व्ह्यू’ असे शब्द जोडले जातात. गुगलचा नियम स्पष्ट आहे की नोंदीतले नाव हे प्रत्यक्ष फलकावर, पावतीवर आणि लोकांच्या तोंडी असलेले नाव असावे. जास्तीचे शब्द आढळल्यास नाव दुरुस्त केले जाते आणि कधीकधी सबंध नोंदच स्थगित होते. हंगामाच्या तोंडावर नोंद स्थगित होणे याचा अर्थ नाताळची किंवा मे महिन्याची मिळकत हातची जाणे असा होतो, कारण ती पुन्हा सुरू करून घेण्याची प्रक्रिया किती दिवस चालेल हे सांगता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये गुगलने क्रमवारीत केलेल्या मोठ्या बदलात, ज्याला या क्षेत्रातील अभ्यासकांनी ‘व्हिसिनिटी’ असे नाव दिले, अंतराचे वजन वाढले आणि नावात शब्द कोंबून मिळणारा फायदा कमी झाला, असे त्यांचे निरीक्षण आहे. त्यामुळे वायरीच्या घराने वायरीच म्हणावे आणि तारकर्लीचा किनारा किती अंतरावर आहे ते वर्णनात प्रामाणिकपणे लिहावे.

नावाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार लहानमोठ्या सर्व दुकानांचा फलक मराठीत, देवनागरी लिपीत असणे बंधनकारक आहे, तर नोंद पुष्कळदा रोमन लिपीत केलेली असते. दोहोंतला उच्चार सारखा असावा आणि फलकावर दोन्ही लिप्यांतील नाव असल्यास पडताळणीच्या वेळी अडचण येत नाही. दुसरे असे की रोमन लिपीत मालवण हे नाव ‘व्ही’ने आणि ‘डब्ल्यू’ने असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते, देवबागचेही एकाहून अधिक प्रकार चालतात. नोंद, संकेतस्थळ, फेसबुक पान आणि पावती या सर्व ठिकाणी एकच वर्णलेखन ठेवले म्हणजे या सगळ्या माहितीचा धनी एकच आहे हे संगणकीय यंत्रणेला ओळखता येते. नाव, पत्ता आणि फोन या तीन बाबींची सर्वत्र एकवाक्यता असणे हा स्थानिक शोधातला सर्वांत जुना नियम आहे आणि तो अजून मोडीत निघालेला नाही.

पिन, म्हणजे नकाशावर व्यवसायाची जागा दाखवणारी खूण, हा विषय शहरातल्या मार्गदर्शकांत दोन ओळींत उरकला जातो. देवबागमध्ये तो दोन ओळींत उरकण्यासारखा नाही. देवबाग ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी असलेली जमिनीची चिंचोळी पट्टी आहे, तिच्यातून मुख्य रस्ता एकच जातो आणि घरे माडांच्या बागांत, वाडीवाडीने, आतल्या पायवाटांवर वसलेली आहेत. पत्त्यात घर क्रमांक आणि वाडी लिहिली तरी नकाशा त्यावरून घर शोधू शकत नाही, म्हणून तो पिन अंदाजाने कुठेतरी टाकतो. ही खूण थोडी दक्षिणेला सरकून नदीच्या पैल बाजूला, वेंगुर्ले तालुक्यातल्या भोगवेच्या दिशेला पडली तर गाडी चालवणाऱ्याला मार्गदर्शन मिळते ते सबंध खाडीला वळसा घालून जाण्याचे, आणि रात्री उशिरा लहान मुलांसह पोचणाऱ्या कुटुंबाचा पहिला अनुभव यजमानाशी फोनवर वाद घालण्याचा होतो. म्हणून पिन हाताने ठेवावी आणि ती घराच्या छपरावर न ठेवता गाडी जिथे वळते किंवा थांबते त्या बेड्याजवळ, म्हणजे कुंपणाच्या दाराजवळ, ठेवावी. ठेवल्यावर एखाद्या नातेवाइकाला मालवण बाजारपेठेतून केवळ नकाशाच्या आधारे घरापर्यंत यायला सांगावे, आणि तो कुठे अडखळतो हे पाहून खूण पुन्हा सरकवावी. गुगल नकाशात प्रत्येक जागेला ‘प्लस कोड’ नावाचा एक लघुसंकेत असतो, तोही व्हॉट्सअ‍ॅपवरील उत्तरात जोडून ठेवावा, कारण नुसते ‘रवळनाथ मंदिराकडून डावीकडे’ हे वाक्य परगावच्या माणसाला पुरत नाही.

जिथे ग्राहक घरी येतच नाही अशा व्यवसायांसाठी पिनचा हा विचार लागू नाही. घरी मालवणी मसाला कुटून, कोकमाचे आगळ करून किंवा लाडू वळून पोचते करणारी बाई, होडीचे इंजिन दुरुस्त करायला स्वतः बंदरावर जाणारा कारागीर, वातानुकूलन यंत्रांची देखभाल करणारा तरुण यांनी नोंद जरूर करावी, पण घराचा पत्ता लपवून सेवाक्षेत्र निवडावे. सेवाक्षेत्र म्हणजे जिथे जाऊन काम केले जाते त्या गावांची यादी. तिच्यात २० पर्यंत ठिकाणे देता येतात आणि आपल्या जागेपासून साधारण दोन तासांच्या प्रवासापलीकडचा भाग देऊ नये असा संकेत आहे. मालवण, कट्टा, आचरा, कुडाळ, कणकवली एवढी यादी अशा कारागिराला पुरेशी असते, आणि ज्या गावी आपण खरोखर जाणार नाही त्याचे नाव टाकून मिळणारा फोन हा वेळेचा अपव्यय ठरतो.

सुसंगततेसाठी प्रवर्ग, म्हणजे व्यवसायाचा प्रकार, फार महत्त्वाचा आहे. एक मुख्य आणि नऊपर्यंत दुय्यम प्रवर्ग निवडता येतात. मुख्य प्रवर्ग हा वर्षभराच्या उत्पन्नाचा मोठा भाग ज्यातून येतो त्याचा असावा. निवास-न्याहारी चालवणारे कुटुंब पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला होडीनेही नेते म्हणून त्याने होडीचा प्रवर्ग मुख्य करणे योग्य नाही. मालक किंवा कर्मचारी जागेवर नसतात अशी केवळ भाड्याने दिली जाणारी बंद घरे या नोंदीस पात्र नसतात, हेही मुंबईत राहून गावचे घर भाड्याने देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. प्रवर्गानंतर वर्णनाचा रकाना येतो, त्याला ७५० अक्षरांची मर्यादा आहे, आणि तो बहुतेक जण ‘निसर्गाच्या कुशीत अविस्मरणीय अनुभव’ अशा शब्दांनी भरतात, ज्यातून ग्राहकाला निर्णयास उपयोगी असे काहीच कळत नाही. त्याऐवजी पुढील धर्तीचा मजकूर अधिक काम करतो: ‘वायरी-तारकर्ली रस्त्यालगत चार खोल्यांचे घरगुती निवासस्थान. मालक कुटुंब याच घरात राहते. गाडी अंगणापर्यंत येते. किनारा चालत दहा मिनिटांवर. सकाळी घावणे किंवा आंबोळी; दुपारचे व रात्रीचे जेवण आदल्या वेळी सांगितल्यास, शाकाहारीही. दोन खोल्यांत वातानुकूलन. पावसाळ्यात निवास चालू, जलक्रीडा बंद.’ या मजकुरात विशेषण जवळपास नाही, आणि तरीही पुण्याच्या गृहिणीला पडणाऱ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यात आली आहेत.

छायाचित्रांविषयी इतकेच सांगायचे की समुद्राचा सूर्यास्त प्रत्येकाकडे आहे. ग्राहकाला बघायचे असते ते न्हाणीघर, पलंगाची रुंदी, जेवणाचे ताट आणि घरापर्यंत येणारी वाट. दिवसाच्या उजेडात साध्या मोबाइलने काढलेली, दरवर्षी बदललेली छायाचित्रे पुरेशी आहेत, आणि दुसऱ्याच्या किनाऱ्याचे किंवा संकेतस्थळावरून उचललेले चित्र वापरणे ही ग्राहकाची सरळ फसवणूक आहे.

मालवणच्या व्यावसायिकाला सर्वाधिक लक्ष द्यावे लागते ते वेळांच्या रकान्याकडे. इथल्या वर्षाची विभागणी शहरासारखी सपाट नाही. मे महिन्याच्या अखेरीस सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी प्रवासी होडी सेवा आणि जलक्रीडा बंद होतात त्या ऑगस्टअखेरपर्यंत. जूनपासून यांत्रिक मासेमारीवर पावसाळी बंदी असते. श्रावणात कित्येक खानावळी मासळी बंद ठेवतात. गणेश चतुर्थीला चाकरमानी घरी येतात आणि पर्यटकांसाठीचे स्वयंपाकघर काही दिवस बंद राहते. मसुऱ्याच्या आंगणेवाडीला भराडी देवीची जत्रा असते तेव्हा सगळ्या तालुक्याचे वेळापत्रक बदलते, आणि ती जत्रा पंचांगातल्या ठरलेल्या तिथीला नसून देवीचा कौल घेऊन दरवर्षी नव्याने जाहीर होते. नकाशाची कोणतीही संगणकीय यंत्रणा हे आपणहून जाणू शकत नाही. ते घरातल्या माणसानेच तिला सांगावे लागते.

त्यासाठी नोंदीत तीन वेगवेगळी साधने आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. नेहमीच्या वेळा हे पहिले साधन. हंगाम बदलला की सकाळी आठऐवजी दहाला उघडणाऱ्या दुकानाने त्या बदलाव्यात. ‘विशेष वेळा’ हे दुसरे साधन. चतुर्थीचे पाच दिवस, जत्रेचे दोन दिवस अशा ठरावीक तारखांसाठी ते वापरावे, म्हणजे त्या तारखा सरल्यावर मूळ वेळा आपोआप परत दिसू लागतात. ‘तात्पुरते बंद’ ही खूण तिसरे साधन असून ती फक्त खरोखर सर्व कारभार थांबतो त्यांच्यासाठी आहे, जसे किनाऱ्यावरची झोपडीवजा उपाहारगृहे किंवा केवळ स्कूबाचा व्यवसाय. ज्या घराचे निवास पावसातही चालू असते त्याने ती खूण लावली तर पावसाळी पर्यटनासाठी आंबोली करून मालवणकडे उतरणारा ग्राहकही ते गमावते. अशा घराने नोंद उघडी ठेवून किल्ल्याची होडी बंद असल्याची सूचना अद्ययावत माहितीच्या रकान्यात टाकावी, कारण जुलैमध्ये किल्ला पाहण्याच्या इच्छेने येऊन तो किनाऱ्यावरूनच पाहून परतणारा पाहुणा आपला राग यजमानाच्या अभिप्रायात उतरवतो.

वेळा खऱ्या ठेवण्याला २०२३ च्या अखेरीपासून आणखी एक कारण मिळाले आहे. शोधाच्या क्षणी उघडे असलेले व्यवसाय वर दिसतात असे या क्षेत्रातील व्यावसायिकांनी त्या सुमारास नोंदवले आणि गुगलच्या प्रतिनिधीनेही या घटकाचे वजन वाढल्याला दुजोरा दिला. त्यावर लगेच ‘२४ तास उघडे’ असे लिहून टाकण्याची युक्ती काही जण सुचवू लागले. ती स्वीकारू नये. रात्री साडेदहाला भुकेलेल्या अवस्थेत बंद दारासमोर उभा राहिलेला माणूस एक तारा देऊन जातो, आणि तो एक तारा क्रमवारीतल्या तात्पुरत्या चढापेक्षा जास्त काळ टिकतो.

अभिप्राय म्हणजे ख्यातीचा दिसणारा भाग. ते मागण्यात गैर काही नाही. पाहुणा निघताना त्याला नोंदीचा दुवा पाठवून ‘कसे वाटले ते लिहावे’ असे सांगावे. मात्र अभिप्रायाच्या बदल्यात सवलत, सोलकढी किंवा काजूची पिशवी देणे, केवळ खूश झालेल्यांकडूनच मागणे आणि नाराज माणसाला वगळणे, किंवा भाचे-पुतणे यांच्याकडून मुंबईतून लिहवून घेणे हे सर्व गुगलच्या नियमांविरुद्ध आहे. भारतीय मानक ब्युरोनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन ग्राहक अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक प्रसिद्ध केले. ते ऐच्छिक असले तरी खोटे व विकत घेतलेले अभिप्राय यांकडे शासन कोणत्या दृष्टीने पाहते हे त्यातून स्पष्ट होते. गावाच्या पातळीवर याचे आणखी एक अंग आहे. शेजारच्या स्पर्धकाच्या नोंदीवर खोटा वाईट अभिप्राय लिहिणे हा प्रकार एका वाडीत सुरू झाला की तो दोन्ही घरांना बुडवतो, कारण बाहेरच्या ग्राहकाला त्या वाडीतली सगळीच घरे संशयास्पद वाटू लागतात.

वाईट अभिप्रायाला दिलेले उत्तर तो लिहिणाऱ्यापेक्षा पुढे वाचणाऱ्या शेकडो जणांसाठी असते. समुद्र खवळल्यामुळे फेरी रद्द झाली आणि पाहुण्याने फसवणुकीचा आरोप केला, तर उत्तर साधारण असे असावे: ‘नमस्कार. त्या दिवशी दुपारनंतर वारा वाढल्याने होडी सोडणे सुरक्षित नव्हते, म्हणून फेरी रद्द करावी लागली. आगाऊ घेतलेली रक्कम त्याच संध्याकाळी परत केली आहे. आपला सुटीचा दिवस वाया गेला याचा खेद वाटतो. यापुढे आदल्या रात्री हवामानाची स्थिती कळवण्याची व्यवस्था आम्ही केली आहे.’ यात कारण आहे, केलेली भरपाई आहे, झालेला बदल आहे आणि पाहुण्याच्या वागण्यावर एक शब्दही नाही. अर्थात यातले प्रत्येक विधान खरे असले पाहिजे. नियमभंग करणारा, उदाहरणार्थ शिवीगाळ असलेला किंवा कधी न आलेल्या माणसाने लिहिलेला, अभिप्राय काढून टाकण्याची विनंती करता येते; केवळ कटू पण खरा अभिप्राय काढला जात नाही आणि तो काढून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

मालवणच्या खानावळींवरील नाराजीचा एक मोठा भाग दरांविषयी असतो आणि त्याचे मूळ कित्येकदा नोंदीतच असते. कोणीतरी तीन वर्षांपूर्वी काढलेले दरपत्रकाचे छायाचित्र नकाशावर तसेच राहते, पाहुणा तो दर मनात धरून येतो, आणि त्या दिवशी सुरमई किंवा पापलेटचा लिलावातला भावच दुप्पट झालेला असतो. मासळीचा भाव रोज बदलतो हे किनाऱ्यावरच्या माणसाला इतके स्वाभाविक वाटते की ते सांगण्याची गरज त्याच्या लक्षात येत नाही. बांगडा थाळी, शाकाहारी थाळी, वडे-सागोती यांचे दर महिनोन्महिने टिकतात ते लिहावेत. सुरमई, पापलेट, कोळंबी यांच्यापुढे ‘त्या दिवशीच्या बाजारभावाप्रमाणे’ असे नमूद करावे आणि ऑर्डर घेतानाही ताटाचा दर आधी सांगावा. नवे, तारीख दिसणारे दरपत्रक मालकाने स्वतः टाकत राहिले की जुने छायाचित्र मागे पडते.

आता नोंदीच्या मालकीविषयी. या भागातल्या अनेक नोंदी मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलाने किंवा पुतण्याने गणपतीत गावी आल्यावर आपल्या ईमेलवरून केलेल्या असतात, काही तर एखाद्या एजंटने स्वतःच्या खात्यातून केलेल्या असतात. मुलाचा मोबाइल बदलला, परवलीचा शब्द विसरला किंवा एजंटशी बिनसले की वर्षानुवर्षे जमलेले अभिप्राय असलेल्या नोंदीवर घरच्यांचा ताबा राहत नाही. व्यवसायाच्या नावाने स्वतंत्र ईमेल काढून तो मुख्य मालक ठेवावा, मुलाला दुसरा मालक करावे आणि सल्लागार नेमलाच तर त्याला केवळ व्यवस्थापक हा दर्जा द्यावा, जो केव्हाही काढून घेता येतो. पडताळणी आता बहुधा चित्रफितीने होते: रस्ता, आजूबाजूची ओळखीची खूण, नावाचा फलक आणि मग किल्लीने दार उघडून आतला कारभार, हे सारे न थांबवता एकाच चित्रीकरणात दाखवावे लागते. पावसाळ्यात फलक उतरवून ठेवण्याची पद्धत असलेल्यांनी म्हणूनच ही पडताळणी हंगाम चालू असतानाच उरकावी.

गुगलकडून बोलत असल्याचे सांगून ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ देणारे किंवा ‘पैसे न भरल्यास नोंद बंद होईल’ असे धमकावणारे फोन लहान व्यावसायिकांना येत असतात. नोंद करणे, ठेवणे आणि तिची पडताळणी विनामूल्य आहे, क्रमवारीतली जागा गुगल विकत नाही, आणि ‘जाहिरात’ असे लिहून दाखवले जाणारे पैशांचे स्थान हा वेगळा व्यवहार आहे. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये. याहून गंभीर धोका असा की नकाशावरील नोंदीत दुरुस्ती सुचवण्याची मुभा सर्वांना असते आणि तिचा गैरवापर होतो. २०१८ मध्ये ठाणे परिसरात बँक ऑफ इंडियाच्या शाखांचे फोन क्रमांक भामट्यांनी नकाशावर बदलून ग्राहकांची फसवणूक केल्याच्या तक्रारी महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. हीच रीत निवासाच्या आगाऊ रकमेसाठी वापरली तर पाहुणा पैसे भलत्याच खात्यात भरून दारात येतो. म्हणून मालकाने आठवड्यातून एकदा, आणि दिवाळी, नाताळ व मे महिन्याआधी रोज, अनोळखी ग्राहकाप्रमाणे आपली नोंद उघडून फोन क्रमांक व दुवा तपासावा, आणि फसवणूक आढळल्यास १९३० या सायबर साहाय्य क्रमांकावर लगेच कळवायला सांगावे.

ख्यातीचा न दिसणारा भाग इतरत्र होणाऱ्या उल्लेखांतून घडतो. ॲपल, बिंग, मॅपल्स आणि जस्टडायल येथील नोंदी एकदाच करून वर्षातून एकदा पाहिल्या तरी चालतात. स्वतःचे एक साधे पान असलेले संकेतस्थळ मात्र असावे आणि त्यावर मराठीतही मजकूर असावा. गुगलचा आवाजी शोध २०१७ पासून मराठी समजतो, आणि ‘मालवणात शाकाहारी जेवण कुठे मिळेल’ अशी पूर्ण वाक्यातली विचारणा करणाऱ्या ग्राहकाला मराठीत उत्तर देणारी पाने अजून थोडीच आहेत. अशा पानावर फुशारकीपेक्षा गावाची उपयोगी माहिती द्यावी: कुडाळ स्थानकावरून येण्याचे पर्याय, होडी सेवेचा काळ, रॉक गार्डनला जायची वेळ, आचऱ्याच्या रामेश्वर मंदिरातले उत्सव. ती वाचून दुसरे लोक दुवा देतात, आणि विकत घेतलेल्या शंभर दुव्यांपेक्षा जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने किंवा एखाद्या प्रवासलेखकाने दिलेला एक दुवा मोलाचा असतो.

नोंदीत ‘कामगिरी’ नावाचा एक विभाग असतो. त्यात किती जणांनी फोन केला, किती जणांनी मार्ग विचारला आणि कोणते शब्द टंकून ते आले हे महिन्यागणिक दिसते. किती लोकांनी नोंद पाहिली हा आकडा सुखावणारा असला तरी त्यावरून काही ठरवू नये. मार्ग विचारणारे पुष्कळ आणि येणारे थोडे असतील तर पिन किंवा वेळा चुकल्या आहेत असे समजून आधी त्या तपासाव्यात. फोन पुष्कळ आणि नोंदणी थोडी असेल तर दर किंवा छायाचित्रे अपुरी आहेत का ते पाहावे. मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करावी, आधीच्या महिन्याशी करू नये, कारण मे आणि जून यांची तुलना मालवणात निरर्थक ठरते. हे सर्व पाहण्यास सर्वांत सोयीचा काळ ऑगस्टचा दुसरा पंधरवडा असतो: पाऊस ओसरू लागलेला असतो, होडी सेवा सुरू व्हायला थोडे दिवस राहिलेले असतात आणि चतुर्थीसाठी मुंबईची मुले घरी येण्याच्या बेतात किंवा आलेली असतात. त्या दिवसांत एकदा बसून नवे दरपत्रक टाकावे, ‘तात्पुरते बंद’ ची खूण लावली असेल तर ती उघडण्याच्या दिवशी काढण्याची जबाबदारी घरातल्या एका माणसाकडे नावानिशी द्यावी, चतुर्थीच्या विशेष वेळा भराव्यात आणि दुसऱ्याच्या मोबाइलवरून नोंदीतला क्रमांक लावून तो घरातच वाजतो याची खात्री करून घ्यावी.